इंद्रधनुषी ज्योतींचा प्रयोग: विद्यापीठाच्या सभागृहातून शाळेच्या वर्गात गेलेल्या एका प्रात्यक्षिकाचा प्रकरण अभ्यास

घटना

२ जानेवारी २०१४ रोजी न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागातील एका माध्यमिक शाळेत रसायनशास्त्राचा तास चालू असताना आगीचा लोळ उठला आणि दोन विद्यार्थी भाजले. त्यांपैकी एकाला झालेली इजा अत्यंत गंभीर होती. शिक्षिका त्या वेळी अमेरिकेत ‘रेनबो’ या नावाने परिचित असलेले प्रात्यक्षिक दाखवत होत्या. काचेच्या बशा ओळीने मांडायच्या, प्रत्येकीत निराळ्या धातूचा क्षार ठेवायचा, त्यावर मेथॅनॉल ओतायचे आणि पेटवायचे, एवढीच त्याची कृती आहे. लिथियमची किरमिजी, सोडियमची पिवळी, तांब्याची हिरवट निळी आणि पोटॅशियमची फिकट जांभळी अशा ज्योती शेजारी शेजारी जळू लागतात आणि वर्गात अंधार केलेला असेल तर मुले हरखून जातात. त्या दिवशी मेथॅनॉल एका मोठ्या, गॅलनभराच्या बाटलीतून ओतले जात होते. बाटलीतून निघालेल्या वाफेने पेट घेतला आणि ज्योत समोर बसलेल्या मुलांपर्यंत पोचली.

अशी आग पहिल्यांदाच लागली होती असे नाही. २००६ साली ओहायो राज्यातील एका निवासी शाळेत याच प्रात्यक्षिकात पंधरा वर्षांची एक विद्यार्थिनी शरीराच्या चाळीस टक्क्यांहून अधिक भागावर भाजली होती. अमेरिकेतील रासायनिक अपघातांची चौकशी करणाऱ्या केमिकल सेफ्टी बोर्ड या स्वतंत्र सरकारी यंत्रणेने तिच्या अनुभवावर आधारित ‘आफ्टर द रेनबो’ ही चित्रफीत डिसेंबर २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा उद्देशच शाळांना या प्रात्यक्षिकापासून सावध करण्याचा होता. त्यानंतर काही आठवड्यांतच मॅनहॅटनची घटना घडली.

विद्यापीठे आणि शाळा यांच्यातील विज्ञानसंपर्काचा विचार करणाऱ्या कोणालाही हे प्रकरण दोन अंगांनी तपासावे लागते. एक अंग रसायनशास्त्राचे आहे: नेमके काय पेटले आणि ते एवढ्या दूर कसे गेले. दुसरे अंग ज्ञानाच्या वाटचालीचे आहे: प्रयोगाची कृती देशातील वर्गावर्गांत पोचते आणि त्याच प्रयोगाविषयीचा इशारा मात्र वाटेतच अडकतो, असे का होते. माझ्या मते दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. मात्र पहिला नीट समजल्याशिवाय दुसऱ्याकडे वळता येत नाही, कारण या अपघातांविषयी बोलताना “निष्काळजीपणा झाला” एवढ्यावर थांबण्याची सवय आपल्याला आहे आणि ती फारशी उपयोगाची नाही.

बाटलीतील वाफ

मेथॅनॉल हे सर्वांत साधे अल्कोहोल. महाराष्ट्रात त्याचे नाव बहुतेकांनी वाचले ते विषारी दारूच्या बातम्यांमध्ये; जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे दगावली ती याच द्रवामुळे. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत ते लोकप्रिय झाले ते वेगळ्या कारणाने. त्याची स्वतःची ज्योत अतिशय फिकट निळी असते, म्हणून तिच्यात धातूंचे रंग स्वच्छ उमटतात. मेणबत्तीच्या किंवा लाकडाच्या ज्योतीत काजळीचे तापलेले कण पिवळा प्रकाश देतात आणि बाकीचे रंग त्यात बुडतात. मेथॅनॉल जळताना काजळी जवळजवळ होतच नाही. पण ज्या गुणामुळे रंग खुलतात त्याच गुणामुळे ज्योत उजेडात धड दिसत नाही. बशीतला क्षार कोरडा पडत आला, रंग मावळला, की पाहणाऱ्याला आणि करणाऱ्यालाही ज्योत विझली असे वाटते. नेमक्या याच क्षणी माणूस बाटली उचलतो.

मेथॅनॉलच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ साधारण ११ अंश सेल्सियसलाच जमते, म्हणजे खोलीच्या तापमानाला ते नेहमीच पेटण्याच्या स्थितीत असते. हवेतील त्याच्या वाफेचे प्रमाण सुमारे ६ टक्के ते ३६ टक्के यांच्या दरम्यान असेल तर मिश्रण पेट घेते. ही मर्यादा बरीच रुंद आहे. आता अर्धी रिकामी, झाकण लावलेली बाटली डोळ्यांसमोर आणावी. २० अंश तापमानाला मेथॅनॉलचा बाष्पदाब, म्हणजे बंद जागेत द्रवावर जमलेल्या त्याच्या वाफेचा दाब, सुमारे १३ किलोपास्कल असतो आणि वातावरणाचा दाब १०१ किलोपास्कल. म्हणजे बाटलीतील रिकाम्या जागेत अंदाजे १३ टक्के मेथॅनॉल आणि उरलेली हवा असते. संपूर्ण ज्वलनासाठी लागणारे आदर्श प्रमाण समीकरणावरून काढले तर ते १२ टक्क्यांच्या थोडे वर येते. वर्गाच्या नेहमीच्या तापमानाला बाटलीच्या गळ्याखाली जवळजवळ परिपूर्ण असे ज्वालाग्राही मिश्रण आयतेच तयार असते, असा याचा अर्थ होतो.

बशीतील न दिसणारी ज्योत ओतल्या जाणाऱ्या धारेच्या आधाराने वर चढून बाटलीच्या तोंडात शिरली, की आतले मिश्रण पेटते, दाब एकदम वाढतो आणि अरुंद तोंडातून जळती वाफ व द्रव एखाद्या फवाऱ्यासारखे बाहेर फेकले जातात. बाटली फुटलेली नसते. तिचे तोंड ज्या दिशेला वळलेले असते त्या दिशेला आगीचा झोत जातो, आणि प्रात्यक्षिक करणारी व्यक्ती प्रेक्षकांकडे तोंड करून उभी असल्याने ती दिशा बहुधा मुलांचीच असते. पेट्रोलच्या डब्यात सामान्य तापमानाला हे सहसा घडत नाही, कारण आतली वाफ इतकी दाट असते की पेटायला पुरेशी हवाच तिच्यात नसते. पेट्रोलच्या धोक्याची सर्वांना धास्ती असते, मेथॅनॉलच्या बाटलीविषयी तेवढी वाटत नाही. बाटलीतील वाफेपुरते पाहिले तर स्थिती उलटी आहे.

येथे आपल्याकडील वाचकाच्या मनात एक उपाय लगेच येईल: मेथॅनॉल विषारी आणि धोकादायक असेल तर इथेनॉल किंवा प्रयोगशाळेतले नेहमीचे स्पिरिट वापरावे. विषारीपणापुरता हा उपाय काहीसा बरोबर आहे. आगीच्या झोतापुरता तो मुळीच नाही. शुद्ध इथेनॉलची वाफ साधारण ३ ते १९ टक्क्यांच्या दरम्यान पेटते, आणि २० अंशाला त्याच्या बाटलीत सुमारे ६ टक्के वाफ असते, जी त्याच्या आदर्श प्रमाणाच्या अगदी जवळ आहे. तापमान वाढले तरी दिलासा मिळत नाही. फेब्रुवारीतल्या विदर्भातील दुपारी सभागृहात ३५ अंश असतील तर मेथॅनॉलच्या बाटलीतील वाफ पंचवीस टक्क्यांच्या पुढे जाईल, इथेनॉलची चौदा टक्क्यांच्या आसपास येईल, आणि दोन्ही आकडे पेट घेण्याच्या मर्यादेतच राहतील. स्पिरिटचा दिवा गरम असताना त्यात मोठ्या बाटलीतून स्पिरिट भरू नये, हा जुन्या प्रयोगशाळा सहायकांचा दंडक याच कारणाने शहाणपणाचा आहे, जरी ते आकडे त्यांनी कधी मांडले नसतील.

वाट

‘रेनबो’ कोणी प्रथम केला हे शोधण्यात अर्थ नाही. क्षारांनी ज्योत रंगते हे रसायनशास्त्राच्या जुन्या माहितीपैकी एक आहे, आणि जर्मनीतील हायडलबर्ग विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन व भौतिकशास्त्रज्ञ किरखोफ यांनी १८५९–६० च्या सुमारास त्या रंगांना वर्णपटाच्या रेषांची शिस्त दिली, तेव्हा त्यातून १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम ही मूलद्रव्ये हाती लागली. पुढच्या काळात अमेरिकेतील महाविद्यालयांत व्याख्यानाला जोडून प्रात्यक्षिके करण्याची परंपरा भक्कम झाली. मोठ्या विभागांत त्यासाठी वेगळी तयारीची खोली असते, साहित्य मांडून देणारा प्रशिक्षित कर्मचारी असतो, व्याख्यानाच्या टेबलालगत धूर आणि वाफ ओढून घेणारी व्यवस्था असते, आणि पहिली रांग टेबलापासून बरीच मागे असते. अमेरिकन केमिकल सोसायटी या रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या विद्यार्थी शाखा ऑक्टोबरमधील नॅशनल केमिस्ट्री वीकच्या निमित्ताने आणि एरवीही शाळांमध्ये जाऊन असे खेळ करतात. शिक्षकांच्या कार्यशाळांत, पुस्तिकांत आणि पुढे चित्रफितींत तेच प्रयोग पसरत गेले.

या प्रवासात कृती सुटसुटीत होत जाते. अमुक क्षार, तमुक द्रव, पेटवा, असे चार ओळींचे टिपण एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जाते. तयारीची खोली त्या टिपणात मावत नाही. विद्यापीठातल्या सहायकाने मेथॅनॉल आधीच छोट्या कुपीत मोजून ठेवलेले असते आणि मोठी बाटली कपाटात बंद असते, ही गोष्ट प्रेक्षकांत बसलेल्या शिक्षकाला दिसतच नाही. त्याला दिसतो तो टेबलावरचा रंग. शाळेत तो प्रयोग करताना शिक्षक एकटाच असतो, मोजून देणारे कोणी नसते, आधीचा तास संपून दहा मिनिटांत मांडणी करायची असते आणि पुरवठादाराकडून आलेली बाटली चार लिटरची असते. सगळ्यांत मोठा फरक म्हणजे विद्यापीठातला प्रयोगकर्ता फसलेला प्रयोग सोडून पुढे जाऊ शकतो, कारण त्याच्याकडे पुढचे आठ प्रयोग असतात. शाळेतल्या शिक्षकाकडे त्या दिवसाचा तो एकच प्रयोग असतो. रंग मावळला की मुले “सर, अजून एकदा!” म्हणतात, आणि पुन्हा ओतण्याचा मोह होतो तो येथेच.

म्हणून या प्रकरणातील दोष एका शिक्षिकेच्या हातावर टाकणे मला अपुरे वाटते. ज्या वर्तुळाने हा प्रयोग आकर्षक म्हणून वर्षानुवर्षे मिरवला, त्याच वर्तुळाला त्याचा धोकाही माहीत होता. सोसायटीच्या रसायनशिक्षण विभागाची प्रात्यक्षिकांसाठीची सुरक्षातत्त्वेही उपलब्ध होती. मात्र प्रयोग ज्या मार्गाने पोचला तो मार्ग आपुलकीचा, तोंडी आणि उत्साहाचा होता, तर तत्त्वे पोचण्याचा मार्ग परिपत्रकाचा होता. शाळेतील शिक्षक परिषदेला जातो, तिथे पाहिलेला प्रयोग मनात ठेवतो. सुरक्षेचे पत्रक तो मुख्याध्यापकांच्या टेबलावरून क्वचितच उचलतो, आणि बहुतेकदा ते त्याच्या शाळेपर्यंत आलेलेच नसते.

२०१४ चा उरलेला काळ

मॅनहॅटनच्या घटनेनंतर अमेरिकन केमिकल सोसायटीच्या रासायनिक सुरक्षा समितीने, ज्वलनशील द्रव वापरून उघड्या टेबलावर केले जाणारे ‘रेनबो’ प्रात्यक्षिक तातडीने थांबवावे अशी स्पष्ट शिफारस केली. एवढ्या मोठ्या व्यावसायिक संस्थेने एखाद्या लोकप्रिय वर्गप्रयोगाला नाव घेऊन नकार द्यावा, ही नेहमीची गोष्ट नाही.

तरीही त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बारा दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. ३ सप्टेंबरला नेवाडातील रिनो येथील एका विज्ञानसंग्रहालयात मुलांसमोर चाललेल्या रंगीत ज्योतीच्या प्रयोगात मोठ्या बाटलीतून मेथॅनॉल पुन्हा ओतले गेले. तेरा जण जखमी झाले, त्यांत बहुसंख्य मुले होती. १५ सप्टेंबरला डेन्व्हरमधील एका शाळेत शिक्षकाने आधी थोडे मेथॅनॉल पेटवून दाखवले, ज्योत अपेक्षेपेक्षा लहान वाटली म्हणून चार लिटरच्या बाटलीतून आणखी ओतले, आणि आगीचा झोत सुमारे बारा फूट दूर बसलेल्या विद्यार्थ्याच्या छातीवर जाऊन आदळला. या दोन्ही ठिकाणी अपघात प्रयोगाच्या सुरुवातीला झाला नाही. प्रयोग फिका पडला, प्रेक्षक वाट पाहत होते, आणि भर घालण्यासाठी मोठी बाटली हाती घेतली गेली. रिनोचा कार्यक्रम शाळेचा तास नव्हता. तो सर्वसामान्यांसाठी विज्ञान रंजक करण्याचाच उपक्रम होता, हे विद्यापीठांच्या विज्ञान प्रसार विभागांनी विशेष लक्षात घ्यावे.

केमिकल सेफ्टी बोर्डाने ऑक्टोबर २०१४ मध्ये या घटनांवर एक सुरक्षापत्रक काढले. त्यातील सूचना मोजक्या आणि सरळ आहेत. थोडेच द्रव लागणार असेल तर ज्वलनशील रसायनाची मोठी बाटली प्रात्यक्षिकाच्या जागी आणूच नये; लिखित कार्यपद्धती, प्रशिक्षण आणि संरक्षक साहित्य या गोष्टी सक्तीच्या असाव्यात; प्रयोगाआधी धोक्यांचा सविस्तर आढावा घ्यावा; आणि प्रयोग व प्रेक्षक यांच्यामध्ये संरक्षक अडसर असावा. या सूचनांमध्ये पहिली इतर सगळ्यांपेक्षा मोलाची आहे असे मी म्हणेन, कारण ती पाळायला ना पैसा लागतो ना कौशल्य, आणि ती पाळली असती तर वर सांगितलेल्या घटनांचे स्वरूप फारच वेगळे झाले असते. वीस मिलीलिटरच्या कुपीत मागे झोत फेकण्याइतकी वाफ आणि द्रव नसतात. चष्मा आणि एप्रन यांचे महत्त्व नाकारता येणार नाही. पण ते प्रयोग करणाऱ्याच्या अंगावर असतात आणि भाजतात ती समोर बसलेली मुले. अंतर वाढवावे म्हटले, तर डेन्व्हरचे बारा फूट आठवावे लागतात. बहुतेक वर्गखोल्यांत बारा फुटांच्या पलीकडे फार रांगा उरत नाहीत.

अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या संस्थेचे, प्रयोगशाळांच्या अग्निसुरक्षेचे एनएफपीए ४५ हे मानक २०१५ च्या आवृत्तीत सुधारले गेले तेव्हा त्यात शैक्षणिक प्रयोगशाळांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला व्हर्जिनियातील एका शाळेत मेथॅनॉल वापरून याच धर्तीवर केलेल्या प्रात्यक्षिकात पाच विद्यार्थी आणि शिक्षक जखमी झाले. चित्रफीत, शिफारस, पत्रक आणि मानक, सगळे उपलब्ध असताना हे झाले. मॅनहॅटनच्या प्रकरणात २०१९ साली ज्युरीने जखमी विद्यार्थ्याला सुमारे ५.९ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. पुढे अपिलात ती रक्कम कमी झाली. शाळा चालवणाऱ्या यंत्रणांनी ज्योतीच्या प्रयोगांवर सरसकट बंदी घालण्याकडे कल दाखवला तर त्यामागे असे निवाडे असतात, आणि तो कल मला समजण्याजोगा वाटतो, पटत नाही.

प्रयोगातून शिकायचे काय

बंदीचा मुद्दा निकालात काढण्यासाठी एक साधा प्रश्न विचारावा लागतो, जो विज्ञान प्रसाराच्या बैठकांत आश्चर्यकारकरीत्या कमी विचारला जातो: या प्रयोगातून मुलाला नेमके काय कळायला हवे? धातूच्या अणूतील इलेक्ट्रॉन उष्णतेने वरच्या ऊर्जापातळीत जातात, खाली येताना ठरावीक ऊर्जेचा प्रकाश देतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या पातळ्या निराळ्या असल्याने रंगही निराळे येतात. सोडियमचा पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असतो, लिथियमचा लाल ६७१ च्या, आणि पोटॅशियमच्या जांभळट ज्योतीत वर्णपटाच्या लाल टोकाशी ७६६ च्या आसपासचा व जांभळ्या टोकाशी ४०४ च्या आसपासचा प्रकाश एकत्र असतो. यांपैकी एकाही गोष्टीसाठी बशीभर जळते अल्कोहोल लागत नाही. ते लागते ते दृश्यासाठी, आणि दृश्य संपले की त्यातून मुलाच्या हाती फारसे काही राहत नाही, कारण त्याने स्वतः काहीही केलेले नसते.

अमेरिकन केमिकल सोसायटीने सुचवलेला पर्याय यासाठीच मला अधिक चांगला वाटतो, केवळ सुरक्षित म्हणून नव्हे. लाकडी काड्या निरनिराळ्या क्षारांच्या पाण्यातील द्रावणात रात्रभर भिजवून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी एकेक काडी बर्नरच्या निळ्या ज्योतीत धरायची. काही सेकंद रंग स्वच्छ दिसतो आणि काडी जळू लागण्याआधी ती पाण्याच्या भांड्यात टाकता येते. प्रयोग फिका पडला तर दुसरी काडी घ्यायची असते. ओतायचे काहीच नसते, त्यामुळे अपघाताचा जो नेमका क्षण वर सांगितला तो येथे संभवतच नाही. द्रावणे चार दिवस आधी करून ठेवता येतात. महाविद्यालयात अकरावी-बारावीच्या गुणात्मक विश्लेषणात नायक्रोमच्या तारेने जी ज्योत परीक्षा केली जाते तिचेच हे शाळेला झेपणारे रूप आहे.

आपल्याकडे या काड्यांचे रूप आणखी रंजक होऊ शकते, कारण बरीच रसायने किराणा दुकानातून, पानाच्या टपरीवरून किंवा शेतकऱ्याच्या घरातून मिळतात. मीठ सोडियमचे. पानाला लावायचा चुना व्हिनेगरमध्ये विरघळवला तर कॅल्शियमची विटकरी छटा मिळते. द्राक्षबागेवर फवारायचे मोरचूद तांब्याचा हिरवा रंग देते. ते पोटात गेल्यास अपायकारक आहे, म्हणून मोरचुदाच्या काड्या शिक्षकाने धराव्यात आणि मुलांनी पाहाव्यात. तुरटीत पोटॅशियम असते. सोडियम कमी असलेले म्हणून विकले जाणारे मीठ हा या सगळ्यातला खरा डाव आहे: त्यात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते, तरी साध्या डोळ्यांना ज्योत पिवळीच दिसते, कारण सोडियमचा प्रकाश बाकी सगळ्यांवर मात करतो. तीच ज्योत कोबाल्टच्या निळ्या काचेतून पाहिली की पिवळा गाळला जातो आणि जांभळट छटा उमटते. ज्या मुलाने पाकिटावर पोटॅशियम वाचले आणि ज्योतीत ते सापडले नाही, त्याला आता विचार करायला एक खराखुरा प्रश्न मिळाला आहे.

निळी काच नसेल तर जुनी सीडी चालते. तिच्यावरील वर्तुळाकार रेषा सुमारे १.६ मायक्रोमीटर अंतरावर असतात आणि त्या प्रकाशाचे रंग वेगळे करतात. पुठ्ठ्याच्या खोक्याला बारीक फट पाडून तिच्यासमोर सीडीचा तुकडा तिरका बसवला की मिठाच्या ज्योतीतील पिवळी रेषा वेगळी दिसते. हे खोके आठवीतला विद्यार्थी तासाभरात करतो आणि घरी नेतो. बेरियम आणि स्ट्रॉन्शियम यांचे क्षार मात्र विद्यापीठाने शाळेत ठेवून येऊ नयेत. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी आहेत आणि त्यांचा हिरवा रंग तांब्याच्या हिरव्याने भागतो. नायट्रेटही टाळावीत, कारण ती स्वतः ज्वलनाला ऑक्सिजन पुरवतात. क्लोराइडे रंग अधिक चांगला देतात आणि हा प्रश्न निर्माण करत नाहीत.

आपल्याकडील विज्ञान दिन

महाराष्ट्रात या सगळ्याची कसोटी लागते ती दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या आसपास. १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळल्या जाणाऱ्या या दिवशी विद्यापीठांचे आणि महाविद्यालयांचे रसायनशास्त्र विभाग शाळांना बोलावतात किंवा शाळांत जातात, आणि प्रात्यक्षिके करण्याची जबाबदारी बहुधा एमएस्सीच्या विद्यार्थ्यांवर असते. त्यांचा उत्साह अस्सल असतो आणि त्यांचे वय शाळेतल्या मुलांच्या जवळचे असल्याने संवादही चांगला जमतो. अडचण अशी की कार्यक्रमाचे यश टाळ्यांवर आणि वर्तमानपत्रातल्या छायाचित्रावर मोजले जाते, आणि दोन्ही गोष्टी ज्योत जितकी मोठी तितक्या सहज मिळतात. शाळेच्या सभागृहात मुले सतरंजीवर बसतात, मागची मुले पुढे सरकत राहतात, पहिली रांग टेबलाला टेकते. वर पंखे चालू असतात आणि ज्योत कुठे झुकेल हे कोणी सांगू शकत नाही. रिनोमध्ये जे घडले त्यासाठी लागणारी सगळी सामग्री येथे असते.

एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना पाठवण्याआधी विभागाने एक रंगीत तालीम घ्यावी, आणि तीत प्रयोग मुद्दाम फसवावा. काडी ओली राहिली, रंग आला नाही, बर्नर विझला, मुलांनी ओरडा केला, अशा वेळी तो विद्यार्थी काय करतो हे पाहावे. पुन्हा करून दाखवण्याच्या दडपणाखाली हात कुठे जातो, हेच या अपघातांचे मर्म आहे आणि ते कागदावरच्या नियमांनी कळत नाही. “हा जमला नाही, आपण पुढचा पाहू,” हे वाक्य सहजपणे म्हणण्याचा सरावही तालमीचाच भाग मानावा. ज्वलनशील द्रव नेणे अपरिहार्य असेल, उदाहरणार्थ ज्या शाळेत गॅस नाही तिथे स्पिरिटचे दिवे लागतील, तर ते दिवे विभागातच भरून, झाकण लावून न्यावेत आणि सुट्या स्पिरिटची बाटली गाडीत चढवूच नये. दिवा संपला तर तो प्रयोग तिथे संपला.

शाळेतील शिक्षकांशी असलेले नाते येथे अधिक नाजूक आहे. बहुतेक कार्यक्रमांत सर आणि बाई भिंतीलगत उभ्या राहून मुलांना शांत ठेवण्याचे काम करतात, आणि निघताना एखादा शिक्षक हळूच विचारतो, “याची कृती मिळेल का?” विभागातले विद्यार्थी आनंदाने ती लिहून देतात. मॅनहॅटनच्या प्रकरणाचा धडा त्या कागदापाशी लागू होतो. जो प्रयोग विभागाला धूर ओढून घेणाऱ्या व्यवस्थेशिवाय, सहायकाशिवाय आणि शाळेच्या टेबलावर स्वतः करायची तयारी नसेल, तो त्याने शाळेत करून दाखवूही नये, कारण दाखवणे म्हणजेच देणे असते. जो प्रयोग दाखवायचा त्याच्या कागदावर साहित्य आणि कृतीइतकीच जागा चुका कुठे होतात याला असावी: हे द्रव ओतू नका, अमुक क्षार वापरू नका, रंग आला नाही तर काय करा, भाजले तर वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरा आणि त्यावर काहीही चोपडू नका. कागदावर विभागातल्या ज्या व्यक्तीला फोन करता येईल तिचा क्रमांक असावा, आणि शिक्षकाने खरोखरच फोन केला तर तो उचलणारी व्यक्ती वर्षभर तीच असावी. विद्यार्थी दोन वर्षांत निघून जातात, म्हणून हे काम विभागातल्या शिक्षकाचेच.

कार्यक्रमाच्या आखणीत काही विभागांनी उलटा क्रम करून पाहायला हरकत नाही: मुलांचा कार्यक्रम फेब्रुवारीत, पण शाळेच्या विज्ञान शिक्षकांसाठी अर्ध्या दिवसाचे सत्र त्याआधी डिसेंबरात. त्यात शिक्षकांनी काड्या भिजवाव्यात, सीडीची खोकी करावीत, कमी सोडियमच्या मिठाचे कोडे सोडवावे, आणि मॅनहॅटन, रिनो व डेन्व्हर येथे काय झाले ते आकड्यांसह ऐकावे. मग २८ फेब्रुवारीला बर्नरशी काडी धरणारा माणूस शाळेचाच असू शकतो आणि एमएस्सीचे विद्यार्थी पाच-पाच मुलांच्या गटात बसून त्यांना रेषा शोधायला मदत करू शकतात. छायाचित्र कदाचित तितके झगझगीत येणार नाही. विभागप्रमुखांना अहवालात किती मुले आली याबरोबर किती शिक्षकांनी तो प्रयोग जूननंतर आपल्या वर्गात पुन्हा केला, हा रकाना घालावा लागेल, आणि तो भरण्यासाठी जुलैमध्ये शाळांना फोन करावे लागतील.